रवा आणि खा

माझ्या लेकीने स्वतःहून वाचलेला पहिला मराठी शब्द चुकीचा होता, आणि वाचल्याबरोबर तिने तो खाल्लाही.

आमच्या ओट्याच्या वरच्या फळीवर स्टीलचे एकसारखे सात डबे आहेत. लग्नात आलेला सेट. साबुदाणा समजून वरीचे तांदूळ भिजत घालण्याचा प्रकार माझ्याकडून दोनदा झाला, तेव्हा मी कागदाच्या पट्ट्या कापून डब्यांवर चिकटवल्या आणि मार्करने नावं लिहिली. त्यातला एक डबा भरायला म्हणून खाली काढला होता, तो ओट्यावरच राहिला. गॅलरीत कपडे वाळत घालून मी आत आले, तर साडेपाच वर्षांची बाई स्टुलावर उभी. तोंडाभोवती पांढरे कण, डोळ्यांत पाणी, आणि एक मूठ अजून डब्यात.

"अगं, कच्चा रवा काय खातेस?"

"त्याच्यावर लिहिलंय ना, खा!"

मी डबा फिरवून पाहिला. देवनागरीतला ख म्हणजे तसंही र आणि व यांचं एकत्र बिऱ्हाड. छापील अक्षरात र चं शेपूट व च्या पोटाशी नेऊन जोडतात, ते याच घोटाळ्यापायी. माझ्या मार्करला ते कुठलं ठाऊक! पट्टीवर मावावं म्हणून मी दोघांना असं खेटून बसवलं होतं, की ‘रवा’ वाचणाराच चुकला म्हणावं.

तिला चूळ भरायला लावली, पाणी पाजलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही वाचतेय. ख ओळखला, पुढचा काना ओळखला, दोन्ही जोडले, अर्थ लावला आणि ताबडतोब अंमलबजावणीही केली. सहा महिने जे मी तिच्या गळी उतरवू पाहत होते, ते रव्याच्या मुठीबरोबर परस्पर उतरलं होतं.

त्या सहा महिन्यांची आठवण झाली की मला अजून ओशाळायला होतं. लेक इंग्रजी माध्यमात जाते. त्यावरून घरात जे वाद व्हायचे ते होऊन गेलेत, इथे नकोत. मराठी हा विषय शाळेतही येणार आहे; 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्याच शाळांना मराठी शिकवावं लागतं. पण ते पहिलीपासून, आणि मला धीर नव्हता. आपल्या मुलीला आपल्या आईचं पत्र वाचता येऊ नये, ही कल्पनाच सहन होत नव्हती. (माझी आई पत्रं लिहीत नाही, व्हॉट्सॲपवर फुलं पाठवते. पण मुद्दा तो नाही.) मग मी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावला, चित्रांची कार्डं मागवली आणि रोज संध्याकाळी सहाला ‘खेळायला’ बसवायला सुरुवात केली. हा शब्द अवतरणात टाकलाय, कारण तो खेळ आहे असं त्या घरात फक्त मला वाटत होतं.

तक्ता तिने पाठ केला, पण चित्रांचा. य वर बोट ठेवलं की ‘शेकोटी’ म्हणायची, कारण तिथे यज्ञाचं चित्र होतं. ऋ म्हणजे ‘दाढीवाले आजोबा’. औ ला औत होतं. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वाढलेल्या पोरीने ते उलटंसुलटं पाहून ‘मोडलेला झोपाळा’ ठरवून टाकलं. सगळ्यात मोठं भांडण झालं ते ण वरून. तिथे बाण काढला होता.

"ण बाणाचा," मी म्हटलं.

"मग ब म्हण ना. बाण ब चा असतो."

आता ण ने सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? मी गप्प. ती जिंकली आणि उठून गेली.

तक्त्यापेक्षा वाईट होती ती माझी सवय. कोणी पाहुणे आले, लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या, की मी कुठल्या तरी अक्षराकडे बोट दाखवून विचारणार, "हे कोणतं गं?" पोरीने त्यावर एक अक्सीर उपाय शोधला होता. प्रश्न आला की ती म्हणायची, "मला शू लागलीय." इतक्या वेळा म्हणायची, की एकदा मला खरोखर डॉक्टरांकडे न्यावंसं वाटलं.

कुठेतरी वाचलं, की घरातल्या वस्तूंवर त्यांची नावं चिकटवावीत, मुलं येता-जाता वाचतात. मी एका रविवारी घर लेबलांनी भरून टाकलं. दार, भिंत, आरसा, खुर्ची, पंखा. (पंख्यावरचं नाव वाचायला फॅन बंद करावा लागे.) सासूबाई गावाहून आल्या, चपला काढल्या आणि दारावरचा कागद बघून म्हणाल्या, "हे काय?"

"वाचनासाठी आहे आई, तिच्या."

"दाराला दार लिहून काय करायचंय? दार आहे ते तिला दिसतंय की. वाचेल कशाला?"

त्यांच्या बोलण्याला उत्तर देता येत नाही, कारण त्या विषय संपवून आत गेलेल्या असतात.

सासूबाई डहाणूकडच्या. सत्तावीस वर्षं त्यांनी बालवाडी चालवली, आणि त्याआधी ऐन तारुण्यात कोसबाडला शिकून आल्या. कोसबाडची टेकडी म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कर्मभूमी. 1945 साली या दोघींनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. जी मुलं गुरांमागे जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा. माँटेसरीबाईंची महागडी लाकडी साधनं आणायला पैसे नव्हते, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. सासूबाई हे सगळं भाषणासारखं सांगत नाहीत. भाजी निवडताना सांगतात, आणि अर्ध्यात ‘मेथी जून आहे’ म्हणून थांबतात. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली हे मला त्यांच्याकडून कधी कळलं नाही, ते मीच शोधलं.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझी सगळी लेबलं काढली. डब्यांवरची तेवढी ठेवली.

"एवढीच कामाची आहेत," म्हणाल्या. "आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही."

हे वाक्य त्या दिवशी मी मनावर घेतलं नव्हतं. रव्याच्या प्रकरणानंतर घेतलं. सात डबे, सगळे सारखे, सगळे झाकलेले. कशात गूळ, कशात शेंगदाणे, कशात निव्वळ तूरडाळ. इथे वाचता आलं तर फायदा आहे आणि नाही आलं तर तोंडात कच्चा रवा. दुसऱ्या दिवसापासून खेळ सुरू झाला. रात्री ती झोपल्यावर मी डब्यांची जागा बदलायची. सकाळी तिला एकच डबा उघडायची परवानगी. त्यात जे निघेल ते चिमूटभर खायचं, मग ते मीठ का असेना. ‘गूळ’ सापडायला तिला चार दिवस लागले. ‘मीठ’ मात्र पहिल्याच दिवशी पाठ झालं, आणि पुन्हा कधी चुकलं नाही.

या खेळात मी काहीही विचारायचं नाही, हा नियम सासूबाईंचा. ‘हे कोणतं गं’ तोंडातून निघालं की दंड म्हणून मीठ मी खायचं. दोनदा खाल्लं.

---

मे महिन्यात नणंदेची मुलं आली. भाचा दहा वर्षांचा, भाची तेराची. आल्या संध्याकाळीच दोघांची कुजबुज सुरू झाली.

"चाडूल चुठेक?"

"चपाटातक."

माझ्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. च ची भाषा! माझ्या आजोळी आम्ही आठ भावंडं माळ्यावर बसून हीच बोलायचो आणि आपल्याला वाटायचं, मोठ्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. (मोठी माणसं लहानपणी कोण होती, हा विचार त्या वयात शिवत नाही.) कुठल्याही पुस्तकात नाही, शाळेत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या सुट्टीत एका पोराकडून दुसऱ्याकडे जाते.

माझी लेक त्या दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला फक्त एवढं कळत होतं की काहीतरी छान चाललंय आणि त्यात आपण नाही. मग रडू. मग ‘आई, ती दोघं इंग्लिशमध्ये बोलतायत’ अशी तक्रार. मला सगळं सांगून टाकता आलं असतं. सासूबाईंनी कणीक मळता मळता नुसती मान हलवली. मी एवढंच म्हटलं, "ती दोघं प्रत्येक शब्दाच्या तोंडाला च लावतात बघ."

ती धावत गेली. "चलाडू! चकपाट!" दोघं पोट धरधरून हसली. भाची मनाने बरी, तिने समजावलं, "तसं नाही गं. लाडू, चाडूल. पोहे, चोहेप. दिवा, चिवाद." पण कसं ते तिलाही सांगता येईना. येतं तर येतं, असं ते प्रकरण असतं.

तीन दिवस लेक स्वतःशी पुटपुटत हिंडली. जेवताना, गॅलरीत, झोपेतसुद्धा. चौथ्या दिवशी न्हाणीघरातून आवाज येत होता, "पाणी. चपाणी. च्पाणी. चा... चाणी..." आणि मग एकदम ओरडा, "चाणीप! आई, चाणीप!" अंगावर साबण, हातात मग, तशीच हॉलमध्ये आली. फरशीवरचं पाणी मी पुसलं, पण मला ओरडायचं सुचलं नाही.

कारण तिने काय केलं होतं ते मला तोवर कळत आलं होतं. ‘पाणी’ चे दोन तुकडे कुठलंही मूल टाळ्या वाजवून करतं, पा-णी. क-पा-ट, तीन टाळ्या. आपल्या भाषेत अक्षर कानाला मोकळं ऐकू येतं, त्यात कष्ट नाहीत. अवघड आहे ते अक्षर फोडणं. पा मध्ये एक प् आहे आणि एक आ आहे, हे कानाला सुटं ऐकू येत नाही आणि डोळ्यालाही सुटं दिसत नाही, कारण आपण स्वर व्यंजनाच्याच अंगावर टांगतो. काना शेजारी, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. पो हे मुलाला एक चित्र दिसतं, पे दुसरं, पु तिसरं. च च्या भाषेत नेमकं हेच फोडावं लागतं. आ आपल्या जागी राहतो, त्याला च येऊन चिकटतो, आणि बेघर झालेला प् शब्दाच्या शेवटी जाऊन बसतो. चाणीप. बाराखडीत व्यंजन जागेवर बसतं आणि स्वर बदलत जातात. क, का, कि, की. इथे स्वर जागेवर राहतो आणि व्यंजन बदलतं. ही उलटी बाराखडी झाली. लाडवांच्या पायी पोरं ती स्वतः घोकतात आणि त्यांना कोणी घोका म्हणालेलं नसतं.

मी हे कौतुकाने नवऱ्याला सांगत होते तेवढ्यात ती पुन्हा आली. चेहरा गंभीर.

"आईचं काय होतं?"

"माझं? मला काय झालं?"

"तसं नाही. आई. च च्या भाषेत. चाई. पण मागे टाकायला काहीच उरत नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं विणकाम थांबलं होतं. स्वर म्हणजे काय, हे मला चौथीत व्याकरणाच्या पुस्तकातून पाठ करावं लागलं होतं, आणि कळलं त्याहून बरंच उशिरा. मागे टाकायला काहीच उरत नाही! मी अजून याहून सोपी व्याख्या ऐकलेली नाही.

"मग नुसतं चाई," आजी म्हणाली. "तुझ्या आईचं मागे काही राहत नाही."

यात टोमणा होता की नव्हता ते मी अजून ठरवलेलं नाही.

---

च ची भाषा तोंडात बसली, तसं सासूबाईंनी खोका काढला. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर चिकटवून कापलेली अक्षरं. हार्डवेअरच्या दुकानातला तोच खरखरीत कागद. माँटेसरीबाईंनी 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत बालघर काढलं. तिथे अशी खरखरीत अक्षरं होती, मुलांनी बोट फिरवून वळण शिकावं म्हणून. आमच्या खोक्यात जोडीला होत्या हिराच्या झाडूच्या काड्या, काना म्हणून. अनुस्वाराला चिंचोके. वेलांट्या-मात्रा वाकवलेल्या तारेच्या. मधे प ठेवायचा आणि त्याच्याभोवती काडी फिरवत बसायचं. काडी उजवीकडे, पा. तार डोक्यावर, पे. दोन्ही, पो. आजी मधूनच एक चिंचोका पळवायची आणि ‘पंखा’ चा ‘पखा’ करून ठेवायची; मग चोर शोधायचा.

एक गोष्ट मला त्या खोक्याशेजारी बसून कळली. आपण ‘गमभन’ म्हणतो, म्हणजे अक्षरओळख. अगदी ‘त्याला गमभन येत नाही’ असंही म्हणतो. पण ग, म, भ, न ही रांग आली कुठून? वर्णमालेत ही चौघं शेजारी नाहीत. ही रांग हाताची आहे. उजवीकडे उभी रेघ, डावीकडे थोडं वळण. म ला किंचित पिळा दिला की भ. लिहायला सोपी म्हणून आधी. धूळपाटीवर बोटाने गिरवायच्या काळात ते बरोबरच होतं, आणि आजही दसऱ्याला पाटीवर एक एक आकडा जोडून सरस्वती काढली जाते तेव्हा हातच आधी शिकत असतो. पण वाचायला तीच रांग सोपी पडेल असं नाही. म आणि भ एकाच दिवशी दाखवणं म्हणजे जुळ्या भावांची एकाच वेळी ओळख करून देणं. पोर आठवडाभर नावं उलटसुलट करत बसतं. आम्ही सुरुवात केली ती ब आणि घ पासून, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. ‘बघ’.

‘बघ’ हा शब्द मराठीने बहुधा चिठ्ठ्यांसाठीच जपून ठेवला असावा. ना काना ना मात्रा. पहिली चिठ्ठी मी तिच्या उशीवर ठेवली: ‘नळ बघ’.

तिने वाचलं, "न... ळ..." दोन्ही अक्षरं पूर्ण, शेवटचा अ ठासून. मग माझ्याकडे पाहिलं. काहीच झालं नव्हतं. बोलताना आपण नळ म्हणतो तेव्हा ळ मधला अ गिळतो. लिहिताना तो तिथे आहे असं धरून चालतो. वाचणाऱ्या पोराला हा गिळलेला अ कोणी सांगत नाही. तिने पुन्हा म्हटलं, "न. ळ." मला ओठावर आलेलं उत्तर दाबून धरणं मीठ खाण्यापेक्षा कठीण गेलं. "भराभर म्हण," आजी आतून ओरडली. "न ळ. नळ. नळ!" आणि ती स्वयंपाकघराकडे सुटली. मराठीत शब्द लागतो म्हणतात, दिवा लागतो तसा. तिच्या तोंडाकडे बघताना मला त्या क्रियापदाचा अर्थ लागला.

नळाला दुसरी चिठ्ठी बांधलेली होती: ‘कप बघ’. कपात ‘कपाट बघ’. कपाटात ‘बाबाचा बूट बघ’. बुटात एक गुंज. बस, एवढंच. चॉकलेट ठेवायचं नाही, हे मी स्वतःच ठरवलं होतं. चॉकलेट असलं की पोर चिठ्ठी न वाचता सगळं घर उचकटतं.

मग आठवड्यातून दोनतीनदा चिठ्ठ्या. मी एकदा शहाणपणा केला. तिचा ट, ठ, ढ यांचा घोटाळा होतो म्हणून मुद्दाम चिठ्ठीत ते सगळे कोंबले. ‘ढगाचा ठसा टाक’ की असंच काहीतरी. तिने वाचलं, कागद नाकाशी नेला, खरोखर हुंगला, आणि म्हणाली, "हा अभ्यास आहे." चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात. पुढचे दहा दिवस तिने एकही चिठ्ठी उघडली नाही. मुलांचं नाक याबाबतीत कुत्र्यापेक्षा तिखट असतं. मी त्या दहा दिवसांत काही केलं नाही, आणि जे केलं नाही तेच सगळ्यात अवघड होतं.

अकराव्या दिवशी माझ्या चष्म्याच्या घरात चिठ्ठी सापडली. तिने लिहिलेली. ‘दवाि बघ’ असं काहीतरी. वेलांटी व च्याही मागे, काना आणि ती एकमेकांच्या पायात पाय घालून. मला वाटलं ‘दवा’, मी औषधांचा डबा शोधत बसले. ती कंटाळून म्हणाली, "दिवा गं! दिवा!" पहिल्या वेलांटीचं हे दुखणं प्रत्येक मराठी घराला ठाऊक असेल. म्हणताना द आधी आणि इ नंतर. लिहिताना मात्र वेलांटी आधी उभी आणि द तिच्या मागे. ती विचारते, "ऐकू नंतर येतं, मग लिहायचं आधी कशाला?" मला उत्तर नाही. आजीने सांगितलं, "म्हणूनच तिचं नाव पहिली वेलांटी. तिला रांगेत पहिलं उभं राहायचं असतं." हे उत्तर शास्त्राला धरून नाही, पण त्यानंतर वेलांटी फारशी मागे गेली नाही. चिठ्ठी मी दुरुस्त केली नाही. देवघरातल्या दिव्याखाली जे होतं ते घेतलं, तिचा अर्धा खाल्लेला शंकरपाळा.

---

बाहेरचं वाचन तिने आपल्या आपण सुरू केलं. 2022 पासून सगळ्याच दुकानांना पाट्या मराठीत लावाव्या लागतात, त्याचा राजकीय हिशेब ज्याचा त्याने करावा; माझ्या लेकीला त्यामुळे बेकरी, मेडिकल, सलून, मोबाईल असे शब्द फुकटात मिळाले. ‘बॅग’ आणि ‘कॉफी’ वरचे चंद्र तिच्या बाराखडीत नव्हते. मी नव्या बालपुस्तकात पाहिलं तर तिथे आता चौदाखडी आहे. ॲ आणि ऑ यांना 2009 च्या सरकारी निर्णयाने मराठी वर्णमालेत रीतसर जागा मिळाली. आपण कॉफी प्यायलो किती वर्षं आणि अक्षर आलं केव्हा!

पण खरी मजा आली ती धीम्या लोकलमध्ये. ठाण्याला आत्याकडे निघालो होतो, खिडकीची जागा मिळाली होती. डोंबिवली सुटली आणि पुढच्या फलाटावरची पिवळी पाटी हळूहळू तिच्या खिडकीसमोर आली.

"को... प... र. कोपर!" तिने स्वतःचं कोपर वर करून पाहिलं. "आई, हे कोपर?"

समोरच्या बाकावरच्या बायका हसायला लागल्या. मी वीस वर्षं या गाडीने जातेय. कोपर स्टेशन म्हणजे गर्दीचा एक थांबा, यापलीकडे तो हाताचा अवयव आहे असं मला कधीही सुचलं नव्हतं. पुढे दिवा आलं. पहिली वेलांटी रांगेत पहिली उभी होती, आणि तिने ती चिठ्ठीची आठवण काढून, माझ्याकडे सूचक नजरेने बघत वाचली. मुंब्र्याला अडलं. ब च्या पोटाखाली काय लटकतंय ते कळेना. "ब ला मिशी आलीय," इतकंच म्हणून तिने ते स्टेशन सोडून दिलं, मीही सोडलं. र चे अवतार पुढे आयुष्यभर भेटायचे आहेत. कळवा आलं.

"क ळ वा. कळवा." थोडा वेळ विचार. "कोणाला कळवा?"

आता समोरच्या बाकावरची एक मावशी पुढे सरकली. "खरंच की गं! कोणाला कळवायचं?" त्या डब्यात ठाण्यापर्यंत या विषयावर चर्चा चालली. एकीचं मत, नवऱ्याला. एकीचं, ऑफिसला, लेट मार्क लागणार म्हणून. माझी लेक सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती, मे महिन्यात बघायची तशी. पण या वेळी तिला कळत होतं काय चाललंय, कारण ते तिनेच सुरू केलं होतं.

सुट्ट्या संपून मुलं आपापल्या घरी गेली. भाचा आणि ती यांच्यात आता टपाल चालतं. नणंद किंवा नवरा ये-जा करताना पोचवतात. जाड घड्या, वर सेलोटेप, ‘फकत दादाला’ असं लिहिलेलं. ‘फक्त’ मधला अर्धा क अजून पूर्णच आहे आणि मी त्याला हात लावत नाही.

परवा उपमा करायला रव्याचा डबा काढला. पट्टी मी केव्हाच नवी लावलीय, र आणि व यांच्यात माणूस जाईल एवढं अंतर ठेवून. झाकण उघडलं तर रव्यात अर्धवट बुडालेली एक घडी. सेलोटेप लावायची राहिली होती. तिरक्या शिरोरेघेखाली तीन ओळी, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात. पहिली होती:

‘चाईला चांगूस चकोन’.

मी कागदावरचा रवा झटकला, घडी होती तशी घातली, आणि त्या सकाळी पोहे केले.